पाचवा टाक

कार्तिक संपत आला की मी सांगलीहून साताऱ्याला जातो. मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला खंडोबाचं षड्रात्र बसतं, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरचे देव उजळतात. देव थोरल्याकडे, म्हणजे दादाकडे असतात, आणि उजळणीला धाकट्यानं हजर राहायचं असा वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. हजर राहायचं म्हणजे करायचं काही नसतं. वहिनी परात घेऊन बसतात, चिंचेचा कोळ असतो, एका वाटीत रांगोळी असते. दादा देव्हाऱ्यातून एकेक देव उतरवून त्यांच्या हातात देतो आणि मी पाटावर बसून चहा पितो. नोकरीत छत्तीस वर्षं सही करण्यापुरताच हजर असायचो, त्यामुळे हे काम मला छान जमतं.

गेल्या वर्षी माझ्याबरोबर नातू होता. मुलीचा मुलगा, पुण्याला अकरावीत शिकतो. त्याला एक छंद आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे धातूचे सैनिक तो मागवतो आणि रंगवतो. पत्र्याचा डबा, चिमणीच्या चोचीएवढ्या टोकाचे ब्रश, रंगाच्या बुटक्या बाटल्या, हे सगळं घेऊन तो वहिनींच्या शेजारीच पेपर पसरून बसला. एकीकडे वहिनी देव घासतायत आणि दुसरीकडे हा कानशीनं सैनिक घासतोय. दादानं एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचे देव कुठले?"

मधेच नातवानं ताम्हनातला एक टाक उचलला, डोळ्यांवरचं भिंग खाली ओढलं आणि म्हणाला, "आजोबा, ह्याला चेहराच नाहीये."

ज्यांच्या घरी टाक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. टाक म्हणजे चांदीचा, क्वचित तांब्या-पितळेचा किंवा सोन्याचा, दोन-अडीच इंचांचा पत्रा. त्यावर देवाची आकृती उठवलेली असते. कुलदैवत डोंगरावर, आपण गावात. रोज कोण चढणार? म्हणून देवाची ही एवढीशी प्रत घरात. वर्षा-दोन वर्षांतून ती मूळ देवाच्या भेटीला न्यायची. जेजुरीच्या गडावर फडक्यात बांधलेले टाक छातीशी धरून पायऱ्या चढणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. आमच्याकडे टाक पाच. घोड्यावरचा खंडोबा, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रं, दुसरी भवानी, तिसरा जोतिबा, चौथा सिद्धनाथ. हा सिद्धनाथ आमच्या दोन्ही जिल्ह्यांचा. त्याचं एक ठाणं म्हसवडला, साताऱ्यात. दुसरं खरसुंडीला, सांगलीत. जिल्ह्याची हद्द त्याला कुणी कळवलेली दिसत नाही. आणि पाचवा वीर.

वीर म्हणजे घराण्यातला, लढाईत पडलेला पूर्वज. त्याचा टाक करून देवांच्या ओळीत बसवायची चाल महाराष्ट्रभर आहे. नाशकात धुळवडीला हे वीर वाजतगाजत गोदावरीवर आंघोळीला नेतात. त्याआधीच्या काळातले वीर दगडात आहेत. वाई तालुक्यात किकलीच्या भैरवनाथाच्या देवळाशी वीरगळांची रांग आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. पण दगडावर सहसा नाव नसतं आणि टाकावरही नसतं. आपल्या घरातला वीर कोण, हे माहीत असलेली पिढी गेली की उरतो तो नुसता वीर.

तर नातू म्हणत होता ते खरंच होतं. पायाकडचा भाग ठीक दिसत होता, हातातली तलवार दिसत होती, दुसऱ्या हातातली ढाल दिसत होती. मानेच्या वर मात्र एक गुळगुळीत उंचवटा. चेहरा हा उठावाचा सगळ्यांत उंच भाग, त्यामुळे अंगठा पहिल्यांदा लागतो तो तिथंच. मी बँकवाल्याच्या सवयीनं हिशेब केला. नवरात्र, दिवाळी आणि चंपाषष्ठी अशा वर्षाच्या तीन उजळण्या. टाक दीडशे वर्षांचा धरला तर साडेचारशे. रांगोळी म्हणजे अखेर दगडाची पूड. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. तो काळा थर आपण घासून काढतो तेव्हा त्याच्याबरोबर चांदीही जाते, केसाच्या शतांशाएवढी. साडेचारशे वेळा गेली की नाक जातं.

"घासता कशाला मग?" नातवानं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "देव काळे ठेवू का?"

त्याच्या कामाची रीत मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. त्याच्या सैनिकांचा धातू मुख्यतः कथलाचा असतो. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं अंगावर बारीक शीर उठते, ती आधी कानशीनं काढायची. मग साबणाच्या पाण्यानं धुवायचं, कारण साच्याला लावलेला चिकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग अस्तराचा एक हात, शक्यतो काळा. त्यावर रंग, पण पाण्यासारखा पातळ, एकावर एक तीन-चार हात. एकाच जाड हातात रंगवलं की कोरलेलं सगळं बुजतं. नंतर गडद पाणीदार रंग सोडायचा, तो आपोआप खोलगट जागी जाऊन बसतो आणि सावली तयार होते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा. डोळा मात्र सगळ्यांत अवघड. आधी पांढरी रेघ, तिच्यात काळा ठिपका, आणि चुकलं की पुन्हा कातडीच्या रंगापासून सुरुवात. श्वास सोडताना ठिपका द्यायचा, घेताना नाही, असं त्यानं मला गंभीरपणे सांगितलं.

युरोपात हे वेड जुनं आहे. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन कंपनीनं आतून पोकळ सैनिक ओतायची युक्ती काढली, धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि घरोघरी पलटणी उभ्या राहिल्या. तो धातू शिशाचा, पोरं तो तोंडात घालायची. शिसं विषारी आहे हे ध्यानात घेऊन ते बंद व्हायला विसाव्या शतकाचं उत्तरार्ध उजाडलं. आमच्या लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे असत. सगळ्यांना एकच लाल अंगरखा आणि एकच मिशी, आणि अर्ध्यांचे डोळे गालावर उतरलेले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहून आम्ही अंगणात प्रतापगड करायचो, कारण अजिंक्यतारा रोजच दिसायचा.

"मी रंगवू का ह्याला?" नातवानं वीर हातात धरून विचारलं. दादा एकदम गप्प झाला. देवाला रंग लावतात का, हा एक प्रश्न होता. दुसरा त्यानं लगेच विचारला, माझ्याकडे बघत: "चेहरा काढशील, पण कुणाचा?"

हा टोला मला होता. आता कबुली देतो. माझ्या पहिल्या कादंबरीत हा वीर आहे. मी त्याला नाव दिलं, एक पंचकल्याणी घोडा दिला, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मारला. आपल्याकडे पानिपतावर न पडलेला पूर्वज असणं जरा कमीपणाचंच मानतात. घरात एवढंच माहीत होतं की वीर लढाईत गेला. कोणत्या, ते आजीलाही ठाऊक नव्हतं. बाकी सगळं मी बँकेच्या गेस्ट हाऊसवर रात्री बसून रचलं. कादंबरीच्या दोन आवृत्त्या निघाल्या, त्यांपैकी बऱ्याच प्रती नातेवाइकांनी घेतल्या. दहा वर्षांनी गावाकडच्या चुलतभावानं घर बांधलं तर दारावर माझ्या वीराचं नाव, संगमरवरात. मग लग्नपत्रिकांवर कुलदैवताच्या खाली तेच नाव येऊ लागलं. मी एकदा सांगून पाहिलं, अरे, ते मी बनवलेलं आहे. चुलतभाऊ म्हणाला, "तुला सुचलं म्हणजे त्यानंच सुचवलं असणार." यावर लेखकानं काय बोलावं? ते नाव मी इथं देत नाही. आणखी चार माणसं खरं धरतील.

शेवटी ठरलं ते असं, की टाक सांगलीला न्यायचा, सोनाराला दाखवायचा आणि त्यानं सांगितलं तर नवा करून घ्यायचा. झिजलेला टाक मोडून नव्या चांदीत त्यातली चिमूटभर मिसळायची, ही आमच्या घरची रीत. फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एस. टी.नं आणला. नातू सोबत आला, त्याला ठसे बघायचे होते.

सांगलीच्या सराफ कट्ट्याला मोठा इतिहास आहे. गाडगीळांची पेढी इथं १८३२ साली सुरू झाली, ती पुण्याला फार नंतर गेली. पण मी ज्यांच्याकडे गेलो त्या अण्णांचं दुकान म्हणजे दोन पायऱ्या, एक ऐरण आणि एक बाकडं. त्यांची ओळख बँकेतली. सोनेतारण कर्जाच्या वेळी ते दागिने कसाला लावून द्यायचे. चार पिढ्या टाक घडवणारं घर. त्यांच्याकडे काशाचे ठसे आहेत, हातभर लांबीच्या पत्र्याच्या पेटीत. प्रत्येक ठोकळ्यात देव उलटा कोरलेला. चांदीचा पातळ पत्रा भट्टीत तापवून नरम करायचा, ठशावर ठेवायचा, वर शिशाचा गोळा आणि त्यावर हातोडी. शिसं मऊ, ते पत्र्याला प्रत्येक खाचेत ढकलतं पण फाडत नाही. पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं. मग बाहेर काढून कलमानं डोळे, दागिने, कुत्र्याची शेपटी जागेवर आणायची. मागच्या पोकळीत गरम लाख भरायची, वर तांब्याचा पत्रा बसवायचा आणि कडा दुमडायच्या. लाख नसेल तर बोटाच्या दाबानंही देव चेपेल.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा अण्णांचं दुकान छतापर्यंत बुडालं होतं. लाकडी कपाट गेलं, वह्या गेल्या. ठशांची पेटी चिखलात तशीच सापडली. "काशाला पाणी काय करतंय?" म्हणाले, "चार दिवस देव पोहून आले."

नातवानं पेटीतून एक ठसा काढला. वीराचा. "हा कुठल्या वीराचा?"

"सगळ्यांचा," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, सगळ्यांचा म्हणजे? तर त्यांच्या पणजोबांनी वीराचा एकच ठसा केला होता, घोड्यावरचा, मिशीवाला. मिरज, तासगाव, खानापूर, आटपाडी, जो येईल त्याला त्याच ठशातून टाक. पन्नास गावांचे वीर, चेहरा एक. कुणी तक्रार केली नाही का? "कशी करणार? बघितलाय कुणी?"

एवढ्यात अण्णांनी दुसरा एक खण उघडला. त्यात एका जुन्या रुमालावर अकरा टाक होते, काळे पडलेले. हे मोडीत आलेले. लोक मोड म्हणून जुनी चांदी विकतात त्यात देवही येतात. मोड पुढे गलाईवाल्याकडे जाते. विटा-आटपाडीकडची माणसं या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत; कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, भट्टीशेजारी खानापूर तालुक्याची मराठी ऐकू येईल. मुशीत टाकणखार घालून चांदी वितळवतात, तेजाबात विरघळवून शुद्ध करतात. ९६० अंशांच्या वर काही राहत नाही, ना खंडोबा, ना कुत्रं. अण्णांनी हे अकरा वजन करून घेतले होते, पैसे दिले होते, पण मुशीत टाकायला पाठवले नव्हते. "हात होत नाही साहेब. नुकसानच आहे."

मी एकेक टाक उजेडात धरून पाहू लागलो. नातवाला वाटलं मला कारागिरी बघायची आहे. मी दुसरंच शोधत होतो. २००३ चा दुष्काळ. मी तेव्हा माणदेशातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एक म्हातारी काउंटरवर न जाता सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि तिनं ओच्यातून फडकं काढून सोडलं. चार टाक. "सायेब, द्येव ठिवून घेता का? वैरणीपुरतं पैसं द्या." बँक तेव्हा तारण घ्यायची ते सोन्याचं, चांदीचं नाही. ते मी तिला समजावून सांगितलं, चांगल्या भाषेत, पाणीही दिलं. तिनं एकेक टाक कपाळाला लावून परत फडक्यात ठेवला, गाठ मारली आणि गेली. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. खिशात तेव्हा पगारातले शंभराच्या नोटा होत्या, त्या बाहेर काढाव्यात हे मला ती फाटकाबाहेर गेल्यावर सुचलं. त्या खणात तिचे टाक असणं शक्य नव्हतं असं नाही. पण ओळखणार कसे? सगळे एकाच ठशातले.

अण्णांनी आमचा वीर हातात घेतला, उलटा केला, कडा पाहिल्या. म्हणाले, हा आमच्याकडचा नाही, आमच्या ठशाला घोडा आहे, हा उभा आहे. मग पत्र्याची दुमड हलकेच उचकटली आणि मागचं तांबं सुटलं. आत जुनी लाख, वाळून ठिसूळ झालेली. त्यांनी टाक तळहातावर पालथा आपटला. पायाकडचा चुरा झाला, पण वरचा तुकडा अख्खा निसटून आला. अण्णांनी तो चिमटीत धरून भिंगाखाली नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तुकडा नातवाला दिला.

घासलं जातं ते बाहेरून. आतल्या लाखेला कुणाचा अंगठा लागलेला नव्हता. टाक नवा असताना गरम लाख ज्या पोकळीत शिरली, तिचा छाप तिच्यावर तसाच होता, काळाकुळकुळीत, नखाएवढा. डोळे होते. नाक होतं. नाकात नथ होती.

मिशी नव्हती. कानांत मोठी वाटोळी कर्णफुलं आणि डोक्यामागे अंबाडा. खाली हातातली तलवार ही तलवारच आणि ढाल ही ढालच.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मग वीर नसेल, जानाई असेल. कुणीतरी ओळीत चुकून वीर म्हटलं असेल." अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, देवी असेल, घरातलीच कुणी बाई असेल, ठसा ज्यानं कोरला त्यालाच माहीत. वहिनींनी दादाच्या हातून फोन घेतला. धुळवडीला आम्ही वीराला लाल चिंधीचा फेटा बांधतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पंचेचाळीस वर्षं मी तिला फेटा बांधतेय!" आणि हसायला लागल्या त्या थांबेचनात.

टाक मोडायचा विषय तिथंच संपला. अण्णांनी नवी लाख भरली, तेच तांबं बसवलं, कडा दाबल्या. पण लाख भरायच्या आधी नातवानं त्याच्या डब्यातली लांबी पोकळीत दाबून छाप घेतला. त्या छापावरून अण्णांनी बारीक ओलसर मातीत साचा केला आणि पळीत कथील वितळवून ओतलं. कथील २३२ अंशांना पातळ होतं, गॅसच्या शेगडीवर काम भागतं. पहिल्या ओतीत तलवार अर्धी आली. दुसरी बरी निघाली.

मग आमच्या सांगलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर तीन संध्याकाळी काम चाललं. कडेची शीर कानशीनं काढली, साबणानं धुतलं, काळं अस्तर दिलं. कपड्यापाशी गाडी अडली. नातवानं साताऱ्याला फोन लावून वहिनींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, हिरवं लुगडं, काठ लाल, आणि काष्टा. कातडी कोणती? "उन्हातली." हा रंग त्यानं चार वेळा बदलला. डोळ्यांच्या वेळी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी बाहेर बसून ऐकत होतो, आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता, मग "छ्या!" असं एकदा, आणि पुन्हा शांतता.

ती आता दादाच्या घरी टीव्हीच्या कपाटावर उभी आहे. देव्हाऱ्यात नाही. दादा म्हणतो, रंगवलेली आहे, पूजा नको. पण मागच्या खेपेला तिच्यापुढे मला जास्वंदीचं एक फूल दिसलं, कुणी ठेवलं विचारलं तर दोघंही एकमेकांकडे बघू लागले. टाक देव्हाऱ्यात आपल्या जागी आहे, पाचवा, बिनचेहऱ्याचा. वहिनींनी यंदा रांगोळी वापरली नाही, रिठ्याच्या पाण्यात नुसते बुडवून पुसले. देव जरा काळसर दिसतात. शेजारणींनी विचारलंही.

चुलतभावाच्या मुलाचं लग्न या उन्हाळ्यात आहे. पत्रिकेचा मजकूर छापायला जायच्या आदल्या दिवशी मी त्याला फोन करून सगळं सांगितलं, लाख, नथ, अंबाडा. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, आठशे पत्रिका आहेत, मजकूर आज रात्री द्यायचाय. मग काय लिहू?" मी म्हटलं, कुलस्वामी प्रसन्न एवढंच लिही. बरं म्हणाला.

पत्रिका परवा आली. वर खंडोबा, भवानी, आणि खाली माझ्या वीराचं नाव, सोनेरी अक्षरांत. शेजारी पंचकल्याणी घोड्यावर बसलेल्या माणसाचं चित्र आहे. मिशी चांगली भरघोस आहे.